दुसऱ्यांसाठी लिहिलेले कागद

कथा-कादंबरी लिहू पाहणाऱ्या माणसाला हल्ली साधनांची टंचाई नाही. पात्ररचनेच्या प्रश्नावल्या आहेत, कथानकाचे टप्पे आखून देणारे तक्ते आहेत, स्क्रिव्हनरसारखी सॉफ्टवेअर आहेत, कार्यशाळा आहेत, आणि आता सांगाल ते लिहून देणारी यंत्रंही आली आहेत. यातलं सगळंच टाकाऊ आहे असं मुळीच नाही. सोळावं प्रकरण उचलून चौथ्याच्या जागी ठेवून पाहायचं असेल तर सॉफ्टवेअरनं काम हलकं होतं, हे कबूल करायला हवं. पण या साऱ्या साधनांचा एक स्वभाव सारखा आहे. ती लेखकासाठीच बनवलेली असल्यामुळे लेखकाची मर्जी राखतात. नायिकेचा आवडता रंग कोणता, असं प्रश्नावली विचारते; तुम्ही निळा लिहा की हिरवा, तिची हरकत नसते. यंत्राला चांदणं हवं म्हणालात तर ते अवसेच्या रात्रीही चांदणं पाडून देतं. कथाकाराच्या खऱ्या उपयोगाचे कागद मात्र, माझ्या मते, दुसऱ्याच कुणासाठी तयार झालेले असतात. सारा वसूल करणाऱ्यासाठी, मुहूर्त पाहणाऱ्यासाठी, पत्ता शोधणाऱ्यासाठी, दंग्याची चौकशी करणाऱ्यासाठी. या कागदांना कथेशी काही देणंघेणं नसतं, आणि म्हणूनच ते लेखकाला ‘नाही’ म्हणू शकतात. त्या नकारापाशी अडल्यावर लेखक जे शोधून काढतो, ते त्याला मोकळ्या मैदानात सहसा सुचत नाही.

जेम्स जॉइसचं उदाहरण घ्या. ‘युलिसिस’ 1922 साली पॅरिसमध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यातला सगळा व्यवहार डब्लिन शहरात 16 जून 1904 या एका दिवशी सुरू होऊन त्याच रात्री उशिरा संपतो, आणि ती लिहिली गेली ट्रिएस्ट, झुरिक, पॅरिस अशा परक्या गावांत. डब्लिन जॉइसच्या रक्तातच होतं. तरीही त्यानं आधार घेतला तो ‘थॉम्स डिरेक्टरी’चा, म्हणजे रस्त्यावार आणि घरवार रहिवाशांची व दुकानांची नोंद असलेल्या एका रुक्ष जाडजूड ग्रंथाचा. त्या ग्रंथात एक्लिस स्ट्रीटवरचं सात नंबरचं घर त्या वर्षी रिकामं दाखवलेलं आहे. जॉइसनं आपल्या नायकाला, लिओपोल्ड ब्लूमला, नेमकं तेच घर दिलं. खऱ्या शहरातल्या एकाही माणसाला न उठवता त्यानं आपलं काल्पनिक बिऱ्हाड तिथे थाटलं. एवढ्यानं त्याचं समाधान झालं नाही. पुस्तक संपत आलं असताना त्यानं डब्लिनमधल्या आपल्या मामीला पत्र लिहून विचारलं, की त्या घरापुढच्या लोखंडी गजांवरून साधारण माणूस पलीकडे उतरून, लोंबकळून, इजा न होता खाली उडी टाकू शकेल का. रात्री किल्ली विसरून आलेल्या ब्लूमला घरात शिरायचं होतं, म्हणून हा खटाटोप. त्या गजांच्या उंचीनं नकार दिला असता तर ब्लूमला दार ठोठावावं लागलं असतं, आणि शेवटची दोन प्रकरणं निराळी झाली असती. पानापानावर भाषेची मोडतोड करणारा हा लेखक; पण गजांच्या बाबतीत त्यानं स्वतःला सूट दिली नाही.

आपल्याकडे याच जातीचं एक साधन घरोघरी खिळ्याला लटकलेलं असतं, ते म्हणजे पंचांग. आणि मागच्या काळासाठी जंत्री. पानिपतची लढाई 14 जानेवारी 1761 रोजी झाली, त्या दिवशी शके 1682च्या पौषातली शुद्ध अष्टमी होती. शुद्ध अष्टमीचा चंद्र दिवस मावळताना डोक्यावर असतो आणि मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो. आता त्या रात्रीच्या पळापळीवर लिहायला बसलेल्या कादंबरीकाराला मिट्ट काळोख हवा असेल, तर अष्टमी त्याला नाही म्हणते. टिपूर चांदणं हवं असेल तरी नाहीच म्हणते. मग त्याला विचार करणं भाग पडतं. पूर्वरात्री पळणाऱ्याला वाट दिसत होती, पण पाठलाग करणाऱ्यालाही तो दिसत होता. मध्यरात्रीनंतर दोघांनाही दिसेनासं झालं आणि उत्तरेतली थंडी तेवढी उरली. एकजण त्या उजेडातच पळून जातो, दुसरा चंद्र मावळेपर्यंत ओढ्यात दबा धरून बसतो, आणि तेवढ्या वेळात त्याच्या जखमी सोबत्याचं काय होतं ते लिहिण्याजोगं असतं. हा प्रसंग कल्पनेतलाच आहे, पण तो सुचवला तिथीनं.

सुप्याचं दप्तर याहून बोलकं आहे. पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी 12 मे 1875 रोजी शेतकरी सावकारांवर चालून गेले आणि दख्खनच्या दंग्यांना सुरुवात झाली. सरकारनं चौकशी आयोग नेमला. पुणे जिल्ह्याचं गॅझेटियर 1885 साली निघालं, त्यातही ही हकीकत आहे. एखाद्या चांगल्या कथाकाराला यावर कथा लिहायला सांगा. बहुधा वाडा पेटेल, तिजोरी फुटेल, सावकाराचा मुडदा पडेल. कागद सांगतो ते वेगळंच. गर्दीचा रोख होता कर्जरोख्यांवर आणि कोर्टाच्या हुकूमनाम्यांवर. ते मिळवायचे आणि जाळायचे. सावकारानं रोखे मुकाट्यानं काढून दिले तर बहुतेक ठिकाणी पुढे मारहाण झाली नाही. जाळपोळीच्या ठरीव दृश्यापेक्षा हे किती अवघड आणि किती मोठं दृश्य आहे! अक्षर न ओळखणारी माणसं कागदांच्या ढिगापुढे उभी आहेत. त्यांची सही म्हणजे नांगराची निशाणी. ढिगात अशा किती निशाण्या, आणि त्यातली आपली कोणती? वाचून दाखवायला कुणाला धरून आणलं असेल? तो कुळकर्ण्याचा पोरगा असेल तर खरं वाचील कशावरून? आयोगातल्या साहेबांना कथा लिहायची नव्हती. पुन्हा दंगा होऊ नये म्हणून कारण शोधणं एवढंच त्यांचं काम होतं. पण मारामारी हवी असलेल्या लेखकाला त्यांच्या अहवालानं अडवलं, आणि त्या बदल्यात त्याच्या हाती कागदाचं भय देऊन ठेवलं.

आणि मग सातबारा. मराठी कथाकाराच्या हाताशी असलेलं सगळ्यांत दुर्लक्षित साधन कोणतं, असं विचारलं तर मी तलाठ्याच्या दप्तराकडे बोट दाखवीन. गाव नमुना सातवर जमीन कुणाची ते असतं, नमुना बारावर तीत काय पिकलं ते. पण एवढ्यावर तो कागद थांबत नाही. ज्याचा हक्क संपला त्याच्या नावाला कंस होतो. नाव पुसलं जात नाही, कंसात राहतं, आणि शेजारी फेरफाराचा क्रमांक येतो. बाप मेला, वारसनोंद झाली. थोरल्या भावाच्या नावापुढे ‘ए.कु.मॅ.’, म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, असं लागलं आणि धाकट्यांची नावं उताऱ्यावर आलीच नाहीत. पुढे तीस वर्षांनी धाकट्याचा मुलगा तालुक्याला जाऊन उतारा काढतो, तेव्हा त्याला कळतं की कागदावर आपण कुणीच नाही. मुलं अज्ञान असतील तर आईचं नाव ‘अ.पा.क.’ म्हणून, पालनकर्ती म्हणून लागतं. मुलं सज्ञान झाली की तेही जातं. ‘इतर हक्क’ या रकान्यात सोसायटीचा बोजा असतो, कुळाचं नाव असतं. कूळकायद्यानं 1 एप्रिल 1957 हा कृषक दिन ठरवला आणि त्या दिवशी कसणारा मालक मानला गेला. पण जमिनीची मालकीण विधवा असेल किंवा मालक अज्ञान असेल, तर कुळाचा खरेदीचा हक्क पुढे ढकलला जाई. एकाच शिवारात, एकाच बांधाच्या दोन बाजूंना, एक कूळ त्या दिवशी मालक झालं आणि दुसरं एका बाईच्या वैधव्यामुळे अडकून पडलं. या दोन घरांमधला अबोला कुठल्या प्रश्नावलीतून सुचणार आहे? पुढे हिंदू वारसा कायद्याच्या 2005च्या दुरुस्तीनं मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांसारखा हक्क दिला. त्यानंतरही भाऊबीजेला आलेल्या बहिणीपुढे जेवण झाल्यावर हक्कसोडपत्राचा कागद सरकवला जातो तो प्रसंग घराघरात घडतो आहे, आणि आपल्या कथेत मात्र अजून माहेरच्या अंगणातलं तुळशीवृंदावनच जास्त दिसतं. विश्वास पाटलांच्या ‘झाडाझडती’त धरणाखाली उठलेल्या गावांची जी दशा येते ती इतकी नेमकी का, याचं एक कारण ते सरकारी सेवेत होते हे असावं. भावना सगळ्यांकडेच असते. खातं, नकाशा आणि निवाडा यांची भाषा मोजक्यांना येते.

यावर पहिला आक्षेप असा येईल, आणि तो वजनदार आहे, की अण्णा भाऊ साठ्यांनी कुठलं गॅझेटियर चाळलं होतं? शाळेचं तोंड जेमतेम पाहिलेल्या माणसानं ‘फकिरा’ लिहिली. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ माणदेशातल्या जगण्यातून आली, दप्तरातून नव्हे. हे खरंच आहे. ज्याचं जग त्याच्या अंगावर उमटलेलं आहे त्याला कागदाची गरज कमी. पण अण्णा भाऊंजवळ पोवाडा, लावणी, वगाचं भांडार होतं, आणि तेही कादंबरीकारासाठी जमवलेलं नव्हतं. शिवाय आज आजोबांच्या गावावर लिहिणारा बराचसा लेखक पुण्या-ठाण्याच्या सदनिकेत वाढलेला असतो. त्याच्याजवळ गाव म्हणून जे असतं ते पुष्कळदा आधीच्या कादंबऱ्यांतून आलेलं असतं. त्याला त्रिंबक नारायण आत्र्यांचा ‘गावगाडा’ वाचावा लागेल. 1915 साली निघालेल्या त्या पुस्तकात बलुतेदार-अलुतेदारांचे हक्क, फिरस्ते, बाजार यांचा हिशेब इतका परखड आहे की गावाविषयीचा हळवेपणा पहिल्या काही पानांतच उतरतो.

दुसरा आक्षेप कल्पनेच्या बाजूनं आहे. जी. ए. कुलकर्ण्यांच्या रूपककथा कुठल्या तालुक्यात घडतात? त्यांना पंचांग लागत नाही, हे मान्य. सगळ्या कथांना एकच माप लावणं मूर्खपणाचं ठरेल. पण काल्पनिक जागा म्हटली की नोंदी नकोत, असंही नाही. विल्यम फॉकनरनं अख्खा एक परगणा कल्पनेनं वसवला, आणि 1936च्या ‘अ‍ॅब्सलम, अ‍ॅब्सलम!’ला त्याचा नकाशा जोडताना खाली क्षेत्रफळ लिहिलं 2400 चौरस मैल, लोकसंख्या गोऱ्यांची 6298 आणि काळ्यांची 9313, आणि एकमेव मालक म्हणून स्वतःचं नाव. जो परगणा नाहीच त्याची त्यानं शिरगणती करून ठेवली. गंमत म्हणून केली असेल; पण वर्णभेदावर उभ्या असलेल्या त्या जगात हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहिले की थोड्यांनी पुष्कळांवर धाक ठेवल्याची गोष्ट नकाशावरच सुरू होते.

तिसरी हरकत मला सर्वांत महत्त्वाची वाटते. हे कागद निर्मळ नाहीत. गॅझेटियरमध्ये घर, भांडीकुंडी, जेवण, लग्नाचा खर्च यांची माहिती जातवार दिलेली आहे, आणि त्याच ओळीत अमुक जात आळशी, तमुक अस्वच्छ असे शेरेही आहेत. सातबाऱ्यावर शतकभर बाईचं नाव क्वचित. राबणाऱ्या भूमिहीनाचं तर नाहीच. तेव्हा कागदावर विश्वास ठेवायचा तो साक्षीदारावर ठेवतो तेवढाच, उलटतपासणी करून. खर्चाचा आकडा घ्यावा, शेरा मारणाऱ्याची बोलीही टिपून ठेवावी, कारण शेरा मारणारा हेही एक पात्र आहे. आणि जे नाव उताऱ्यावर नाही त्याची गोष्ट लिहायची, तर ते नाही हे आधी पाहावंच लागतं. माहितीचं ओझं ही चौथी तक्रार. तिच्यात फार दम नाही. ऐतिहासिक कादंबरीतली तोफांची लांबलचक यादी वाचकाला नको असते हे उघड आहे. ज्या माहितीनं पात्राचा एखादा निर्णय बदलतो ती ठेवावी, बाकीची वहीत राहू द्यावी.

नावांसाठी जॉर्ज सिमेनॉन टेलिफोन डिरेक्टऱ्या चाळीत असे. आपल्याकडे मतदार यादी आहे. एका घरात किती सज्ञान माणसं, कोणत्या वयाची, आजीचं नाव काय नि नातीचं काय, सगळं ओळीनं सापडतं. नावं मात्र तिथून जशीच्या तशी उचलू नयेत, पिढ्यांची चाल तेवढी पाहावी. एकट्या सातारा जिल्ह्यात 2011 साली ‘नकुसा’ नाव लागलेल्या 280हून अधिक मुलींची नावं समारंभानं बदलली गेली. अशा मुलीला कथेत कुणी सहज ‘स्वप्नाली’ म्हटलं तर वाचकानं विचारावं, कधीपासून? शब्दांसाठी मोल्सवर्थचा 1857चा कोश आणि दाते-कर्व्यांचे 1932 ते 1938मधले सात खंड शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट उघडतात. जुनी गॅझेटियरंही जालावर आहेत, सातबारा तर मोबाइलवर दिसतो. लेखनाच्या कार्यशाळेची फी भरण्याआधी, ज्या गावाची गोष्ट मनात आहे त्या गावातला एक गट नंबर मिळवा आणि त्याचे जुने फेरफार तहसील कचेरीत अर्ज करून काढून घ्या. नक्कल फी फार नसते.