माणिकपूरचा मुक्काम आणि कॅम्परची वायरिंग

वसई रोड स्टेशनच्या पश्चिमेला उतरले की माणिकपूर सुरू होते. आता ते वेगळे गाव म्हणून चटकन ओळखू येत नाही. २००९ साली नवघर-माणिकपूर नगरपरिषद वसई-विरार महानगरपालिकेत सामील झाली आणि उरलेले काम इमारतींनी केले. सेंट मायकल चर्चचा परिसर मात्र अजून गावासारखा वाटतो. फिरायला म्हणून इथे सहसा कोणी येत नाही. लोक रिक्षा पकडून किल्ल्याकडे नाहीतर समुद्राकडे निघून जातात. आम्ही दोन दिवस थांबलो ते धाकट्या भावाच्या गाडीमुळे.

२०२१ मध्ये राज्य सरकारने कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले, तेव्हापासून भावाच्या डोक्यात हे वेड होते. शेवटी त्याने एक जुनी व्हॅन घेतली, छत वर उघडणारी. छत उचलले की कॅनव्हासच्या भिंती उभ्या राहतात आणि वर दोघांना झोपता येते. खाली गॅसची शेगडी, दिवे आणि छोटा फ्रीज. हे सारे दुसऱ्या बॅटरीवर चालते. गाडी स्टार्ट करणारी बॅटरी निराळी. इंजिन चालू असताना एक रिले दोन्ही बॅटऱ्या जोडतो, बंद होताच तोडतो. त्यामुळे रात्रभर फ्रीज चालला तरी सकाळी गाडी सुरू व्हायला अडचण नसते.

आम्हाला जायचे होते श्रीवर्धनला, आणि अडचण फ्रीजचीच होती. तो अर्धा तास चाले, मग दिवा लुकलुकून बंद पडे. एरवी सरबत कोमट झाले म्हणून कोणी सफर थांबवत नाही. पण अम्मीला इन्सुलिन लागते, आणि न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावे लागते. मे महिन्यात बंद गाडीच्या आत काय तापमान होते ते सांगायला नको. निघण्याआधी मुंबईतल्या एका गॅरेजने ‘बॅटरी गेली’ म्हणून नवी बॅटरी बसवून दिली होती. नव्या बॅटरीवरही फ्रीज तसाच बंद पडत होता.

माणिकपुरात ओळखीने एक वयस्क ऑटो इलेक्ट्रिशियन मिळाले. सगळे त्यांना अंकल म्हणत, आम्हीही म्हणू लागलो. त्यांनी आधी अम्मीला सावलीत खुर्ची दिली, औषधाचा डबा माठाच्या गारव्याला ठेवायला सांगितला आणि मग मीटर काढला. “ताई, बॅटरीला विचारू या, ती खोटं बोलत नाही.”

फ्रीज बंद असताना बॅटरीवर १२.६ व्होल्ट होते, म्हणजे ती भरलेली होती. फ्रीज सुरू केल्यावर बॅटरीवर १२.४, पण फ्रीजच्या टोकाशी जेमतेम ११. बॅटरी पार उतरू नये म्हणून असे फ्रीज व्होल्टेज कमी झाले की आपणच थांबतात. आमचा नेमका तेच करत होता. त्याचा काही दोष नव्हता. मधले १.४ व्होल्ट कुठे गेले, एवढाच प्रश्न होता.

ते शोधण्याची अंकलची रीत घरच्या कोणालाही जमेल अशी आहे. फ्रीज चालू ठेवून मीटरची एक पिन बॅटरीच्या प्लसला आणि दुसरी फ्रीजच्या प्लसला लावली: ०.३. मग मायनसपासून मायनसपर्यंत मोजले: १.१. चोर सापडला. मायनसची तार थेट बॅटरीपर्यंत न नेता कोणीतरी गाडीच्या पत्र्याला बोल्टने जोडली होती, तीही रंगावरच. बोल्ट काढला तर खाली गंज. वसईची खाडी, मिठागरे आणि समुद्र जवळ. इथल्या हवेत तांब्यावर हिरवा थर चढायला वेळ लागत नाही, असे अंकल म्हणाले. वसईच्या केळ्यांची तारीफ सगळे करतात, गंजाची आठवण फक्त मिस्त्री लोक ठेवतात. पत्रा चकाकेपर्यंत घासून, नवी लग कसून, वर ग्रीस लावल्यावर त्या बाजूचे १.१ व्होल्ट ०.०५ वर आले.

मला जास्त धास्ती वाटली ती पुढच्या गोष्टीची. बॅटरीच्या प्लसजवळ फ्यूजच नव्हता. तो होता लांब, फ्रीजपाशी. मधली तार पत्र्याच्या कडेवर घासत गेलेली. ती तिथे सोलली असती तर बॅटरीचा सारा करंट त्या तारेतून गेला असता, आणि वर मुले झोपणार होती. फ्यूज हा उपकरणापेक्षा तारेच्या रक्षणासाठी असतो, म्हणून तो बॅटरीपासून वीतभर अंतरातच हवा. अंकलनी ६ चौरस मिलिमीटरची नवी तार रबरी नळीतून नेली, ३० अँपिअरचा फ्यूज बॅटरीशेजारी बसवला. भावाला घाई होती. फ्यूजशिवाय गाडी देणार नाही, हे त्यांनी दोनदा ऐकवले.

छताचा दिवा राहिला होता. छत अर्धे उचलले की तो लागे, पूर्ण उघडले की विझे. बिजागरीपाशी तार दर वेळी एकाच ठिकाणी वाकते. वरचे प्लास्टिक शाबूत राहते आणि आतले तांबे एकेक धागा करून तुटते. त्यांनी बारीक धाग्यांची लवचिक तार घालून तिथे सैल वेटोळे ठेवले.

हे काम दुसऱ्या दिवशी असरपर्यंत चालले. तेवढ्यात आम्ही मुलांना किल्ला दाखवला. गुजरातच्या बहादूरशहाने १५३४ मध्ये वसई पोर्तुगिजांना दिली आणि १७३९ मध्ये ती मराठ्यांनी घेतली, हे भिंती पाहताना सांगायला बरे पडते. येताना सोपाऱ्याला जायचे राहून गेले. अरब भूगोलकारांच्या लिखाणात सुबारा नावाने येणारे बंदर ते हेच. त्यासाठी एक दिवस वेगळा हवा.

सगळ्या कामाचे पैसे नव्या बॅटरीच्या किमतीच्या पाव हिश्शाहून कमी झाले. अंकलनी भावाला एक साधा मल्टिमीटर घ्यायला लावला. पनवेल, माणगाव, म्हसळा अशा तीन थांब्यांवर त्याने तो हौसेने लावून पाहिला. फ्रीजपाशी बारापेक्षा खाली काटा आला नाही. श्रीवर्धनपर्यंत फ्रीज एकदाही थांबला नाही. अम्मीने मात्र माणिकपूरच्या बाजारातून एक छोटा माठ घेतला होता, तो परतेपर्यंत पायाशी भरून ठेवला.