सिंह केवढा?



बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. मधे मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, त्यामुळे महिनाभर संगणकाला सुट्टी होती. आता अक्षरं स्वच्छ दिसतात, तेव्हा चुकलंमाकलं तर सबब सांगायची सोय राहिली नाही!

आजचा विषय सिंह. हसू नका. सुट्टीत माझे दोन्ही नातू, एक लेकीचा आणि एक लेकाचा, माझ्याकडे राहायला होते आणि दोघांचा दिवसभर एकच वाद चालायचा, सगळ्यात मोठा सिंह कोणता? मोबाइलवर फोटो काढून दाखवायचे, "आजी, हा बघ, हा अडीचशे किलोचा आहे," लगेच दुसरा, "छे! माझा याच्याहून मोठा." निवाडा करायला मी. पस्तीस वर्षं मास्तरकी केलेली बाई पुरावा बघितल्याशिवाय मार्क देत नाही. म्हणून वाचायला घेतलं आणि त्यात रंगून गेले.

पहिला प्रश्न हा, की मोठा म्हणजे काय? लांब, उंच की वजनदार? केनियातल्या त्सावोचे दोन नरभक्षक सिंह तुम्ही ऐकून असाल. १८९८ साली तिथे रेल्वेचा पूल बांधताना त्यांनी किती तरी मजूर ओढून नेले. त्या मजुरांत आपल्या हिंदुस्थानातून नेलेली माणसं पुष्कळ होती. पुलाचं काम बघणारा पॅटरसन नावाचा अधिकारी, त्याने त्या डिसेंबरात दोघांनाही मारलं आणि मापं लिहून ठेवली. पहिला नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत ९ फूट ८ इंच लांब आणि ३ फूट ९ इंच उंच. दुसरा ९ फूट ६ इंच लांब, पण उंचीला ३ फूट साडेअकरा इंच. आता सांगा, मोठा कोण? लांबीत पहिला, उंचीत दुसरा. मी हे नातवांना विचारलं तेव्हा दोघंही मिनिटभर गप्प होते. आमच्या घरात ही नोंद करण्यासारखी गोष्ट आहे.

बरं, लांबी तरी कशी मोजायची? पूर्वीचे शिकारी दोन तऱ्हांनी मोजत. एक म्हणजे जनावर सरळ पसरायचं, नाकाशी आणि शेपटीच्या टोकाशी खुंट्या ठोकायच्या आणि खुंट्यांमधलं अंतर घ्यायचं. दुसरी तऱ्हा म्हणजे टेप पाठीच्या चढउतारावरून अंगाला चिकटवत न्यायची. जनावर तेच, पण दुसऱ्या तऱ्हेने माप काही इंच जास्त भरतं. शिवाय त्यात तीनेक फूट नुसती शेपूट! त्सावोच्या त्या सिंहांची कातडी पॅटरसनने पंचवीस वर्षं घरात अंथरली होती. १९२४ साली ती शिकागोच्या फील्ड म्युझियमला विकली आणि तिथे पेंढा भरून सिंह उभे केले. पण कातडी गालिच्यासाठी कापलेली, त्यामुळे काचेआडचे सिंह जिवंतपणीच्या सिंहांपेक्षा लहान दिसतात. डोळ्यांनी बघितलेलंही खरं नसतं, ते असं.

वजनाची तर वेगळीच गंमत. आफ्रिकेतला नर साधारण १५० ते २५० किलोच्या दरम्यान असतो. १९९३ साली माउंट केनियाजवळ मारलेला एक २७२ किलो भरल्याची नोंद आहे. पण सिंह एका बैठकीत तीसेक किलो मांस सहज खातो. म्हणजे सोमवारी उपाशी असलेला सिंह मंगळवारी तीस किलोंनी 'मोठा'! म्हणून अभ्यासक वजन करताना पोटात किती आहे याचाही हिशेब धरतात.

हे मी २०१६ साली प्रत्यक्ष पाहिलं. लेक-जावई तेव्हा नैरोबीला होते, त्यांच्याबरोबर मसाई मारा बघायला गेले होते. तिकडे वयस्कर बाईला आदराने 'मामा' म्हणतात. आमचा वाटाड्या मला दोन दिवस मामा म्हणत होता आणि जावई तोंडावर रुमाल धरून हसत होते. एका झुडपाखाली दोन नर पसरले होते. आम्ही सगळ्यांनी एकमताने डावा मोठा ठरवला. वाटाड्या म्हणाला, "मामा, पोट बघू नका, खांदा आणि पुढचे पाय बघा. उठले की मग बोला." तासाभराने दोघे उठले. डावा नुसता जेवलेला होता हो! उजवा चांगला चार बोटं उंच निघाला.

माझे वडील बैल पारखायचे ते आठवलं. ते बैलाच्या पोटाकडे बघतच नसत. छातीचा घेर, खूर, वशिंड बघायचे आणि मग जबडा उघडून दात. दोनदाती, चारदाती की जुळलेला, ते कळल्याशिवाय बोली नाही. कारण दोनदातीची तुलना जुळलेल्याशी करून काय उपयोग? सिंहाचा जबडा कोण उघडणार? तर त्याचं नाक बघतात. पिल्लाचं नाक गुलाबी असतं, वय वाढतं तसे त्यावर काळे ठिपके येतात आणि पाचसहा वर्षांचा झाला की साधारण निम्मं नाक काळं होतं. २००४ साली शास्त्रज्ञांनी हे मोजून दाखवलं. नर अंगाने पुरता भरतो तोही साधारण त्याच वयात.

आणि आयाळ! निम्मा मोठेपणा तिचाच. आपल्या गीरच्या सिंहाची आयाळ विरळ, कान दिसतात, म्हणून तो फोटोत किरकोळ वाटतो. पण नर १६० ते १९० किलो भरतो. म्हणजे आफ्रिकेतल्या कित्येक सिंहांच्या तोडीचा. टांझानियातल्या सेरेंगेटीत पॅकर आणि वेस्ट या संशोधकांनी सिंहांचे पुतळे करून त्यांना वेगवेगळ्या आयाळी लावल्या. २००२ साली ते प्रसिद्ध झालं. खरे नर आखूड आयाळीच्या पुतळ्याकडे जात, लांबवाल्याला टाळत. माद्यांना गडद आयाळ आवडे. म्हणजे सिंहही एकमेकांना दिसण्यावरून जोखतात, फक्त त्यांना त्यातून प्रकृती कळते आणि आपल्याला नुसता रुबाब.

फोटोंबद्दल तर बोलायलाच नको. कॅमेरा जमिनीलगत धरला की मांजरही वाघ होतं. मेलेल्या सिंहामागे चार पावलं सरकून शिकारी बसला की सिंह हत्तीएवढा दिसतो. दोन सिंह एका रेषेत, सारखं पाऊल टाकत, सपाट जमिनीवर शेजारी चालत असतील तरच काही बोलावं.

पण नातवांना मी शेवटी जे सांगितलं ते वेगळंच. दक्षिण आफ्रिकेत साबी सँड या जंगलात २००६ ते २०१२ या काळात मापोगो नावाच्या सहा नरांचं राज्य होतं. पोरं भांडतात ती त्यातला कोण थोर यावर. पाच एका कळपातले आणि सहावा बाहेरून आलेला, असं तिथले लोक सांगतात. ते टिकले ते सहा होते म्हणून. २०१० मध्ये त्यातला एक दुसऱ्या टोळीच्या तावडीत सापडून मेला, तेव्हा त्याचं आकारमान कामी आलं नाही. पॅकर यांच्या अभ्यासातही हेच दिसतं, जास्त नरांची जोट असेल तर कळपावर ताबा जास्त काळ टिकतो.

आता थोडं घरच्यांशी. हे पान नातेवाईक वाचतात हे मला माहीत आहे, म्हणून इथेच लिहिते. माझा धाकटा नातू वयाच्या मानाने लहान दिसतो. कुणी घरी आलं की पहिल्यांदा दोघांना पाठीला पाठ लावून उभं करतं. "अरे, हा बघ केवढा झाला! तू जेवत नाहीस का रे?" तो हसतो. पण रात्री मला विचारतो, "आजी, लहान सिंह राजा होतो का गं?" मोठे सिंह शोधण्याचं त्याचं वेड कुठून आलं ते मला तेव्हा कळलं. शाळेत दरवर्षी मी मुलांच्या उंचीची नोंद करत असे. नववीत खांद्याला लागणारी मुलं अकरावीत माझ्या डोक्यावरून बघायची. ज्याचं नाक अजून गुलाबी आहे त्याला मोजायची घाई कशाला? दोघं भावंडं एकमेकांना धरून राहिली तर मला पुष्कळ आहे.

तेव्हा गणपतीला याल तेव्हा पोरांना पेढे द्या, पाठ्या जुळवू नका.

असो. तुमच्यापैकी कुणी गीर किंवा आफ्रिकेत सिंह पाहिले असतील तर जरूर लिहा. पण आधी त्याचं जेवण झालं होतं का ते सांगा!