कमजोर बैलाच्या चालीनं



यंदा संक्रांतीच्या कार्यक्रमात तिळगूळ घेता घेता तिघांनी मला तीन प्रश्न विचारले. कॅम्पर ओढायला गाडी कुठली घेऊ? मुलांच्या स्कीइंगचं शूटिंग करायला कॅमेरा कुठला चांगला? आणि आईबाबा भारतातून येणार आहेत, त्यांना बर्फ दाखवायला कुठे नेऊ? सॉफ्टवेअरवाल्याकडे प्रत्येक गोष्टीचं एक्सेल असणार, असा आपल्याकडे समज आहे. माझ्याकडे ते आहेही. पण ते एक्सेल करूनही मी दोनदा तोंडघशी पडलो. म्हणून तिघांना एकदमच उत्तर लिहून टाकतो.

सुरुवात माझ्या गावापासून करावी लागेल. मी वारासिवनीचा. जिल्हा बालाघाट, मध्य प्रदेश. १९५६ साली विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि आमचा जिल्हा मध्य प्रदेशातच राहिला. त्यामुळे शाळा हिंदीत आणि घर मराठीत असं आमचं बालपण गेलं. मुलूख धानाचा. बालाघाटच्या चिन्नोर तांदळाला २०२१ साली जीआय मानांकन मिळालं, तेव्हा बाबांनी मला तीन वेळा फोन केला होता. बाबा शाळेत मास्तर होते, पण घरची शेती त्यांनी कधी सोडली नाही. कापणीनंतर धानाची पोती बंडीत भरायची, ती बैलगाडी बाबा स्वतः भरून घ्यायचे. कुठलं पोतं पुढे, कुठलं मागे, यावरून सालदाराशी त्यांची हुज्जत चालायची. मला तेव्हा वाटायचं, पोती ती पोती, कुठेही ठेवा.

हे मला पुन्हा आठवलं ते डेन्व्हरपासून दीड तासावर.

दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये आम्ही नवा कॅम्पर घेऊन ग्रेट सँड ड्यून्सला निघालो होतो. माझ्या एसयूव्हीची ओढण्याची क्षमता ५००० पौंड. भरलेला कॅम्पर ३३०० पौंडांचा, म्हणजे साधारण १५०० किलो. एक्सेलमध्ये तो रकाना हिरवा होता. महामार्ग २८५ वर केनोशा पासचा चढ, सुमारे ३०५० मीटर, गाडीनं आरामात चढला. उतरताना साउथ पार्कचं मोकळं पठार समोर दिसायला लागलं, वारा आडवा आला आणि बाजूनं एक मोठा ट्रक गेला. मागचा कॅम्पर डोलायला लागला. आधी थोडा, मग जास्त. मी घाबरून ब्रेक दाबला आणि तो आणखीच झोके घ्यायला लागला. आरशात कॅम्परची एकदा ही बाजू दिसे, एकदा ती. समोरून येणारी पिकअप कडेला उतरून थांबली. बायको ओरडली, "ब्रेक सोड!" मी सोडला, स्टिअरिंग सरळ धरून ठेवलं आणि गाडी हळूहळू ताळ्यावर आली. मागे दोन्ही मुलं बसली होती. पुढे दहा मिनिटं कुणी काही बोललं नाही.

आम्ही ही गोष्ट वारासिवनीला कळवणार नव्हतो. पण रविवारच्या व्हिडिओ कॉलवर मुलीनं आजोबांना सगळं हातवारे करून सांगितलं. बाबा रागावले नाहीत. त्यांनी विचारलं, "मांगं काय काय भरलं होतं, बाबू?"

मी यादी सांगितली. मागच्या रॅकवर चार सायकली, मागच्या खणात लाकडं, आणि पाण्याची टाकीसुद्धा चाकांच्या मागेच, काठोकाठ भरलेली.

"मंग उलारच होईन ना गाडी," बाबा म्हणाले.

उलार म्हणजे पुण्याकडे ज्याला उलाळ म्हणतात ते. बंडीला एकच आस आणि दोन चाकं. ओझं चाकांच्या मागे गेलं की पुढचं जू वर उचलतं आणि बैलांच्या गळ्यातला पट्टा आवळतो. ओझं फार पुढे गेलं तर जू मानेवर बसतं आणि बैलाचा खांदा सोलतो. म्हणून भार पुढच्या अंगाला किंचित जास्त हवा. अमेरिकेतली टोइंगची पुस्तिका हेच आकड्यात सांगते: ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के वजन पुढच्या हुकावर यायला हवं. त्याला टंग वेट म्हणतात. मी नंतर मोजलं. माझ्या हुकावर फक्त २१० पौंड येत होते, म्हणजे सहा टक्क्यांच्या जरा वर. सायकली गाडीच्या छतावर नेल्या, टाकी रिकामी केली, जड सामान आसाच्या पुढे घेतलं, तेव्हा ते ४०० पौंडांवर आलं. त्यानंतर कॅम्पर एकदाही डोलला नाही.

त्याच फोनवर बाबा आणखी एक बोलले. "अन् जोडीत एक बैल कमजोर असतेच. बंडी त्याच्याच चालीनं हाकाची."

तेव्हा मी "हो बाबा" म्हणून फोन ठेवला. पण गाडी निवडण्याबद्दल यापेक्षा चांगला सल्ला मला कुणी दिलेला नाही. जाहिरातीत ठसठशीत छापलेला ओढण्याचा आकडा हा दणकट बैल. कमजोर बैल दुसराच असतो आणि तो ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला असतो. माणसं आणि सामान मिळून या गाडीत जास्तीत जास्त किती वजन चालेल, तो आकडा. माझ्या गाडीवर तो १३०० पौंड आहे. आम्ही चौघं ४८० पौंड, गाडीतलं सामान २५०, आणि हुकावरचे ४०० पौंडही यातच धरायचे. झाले ११३०. आता आईबाबांना बसवा, आणखी २९०. बेरीज १४२०. म्हणजे ओढण्याच्या आकड्यात १७०० पौंड शिल्लक असताना गाडी भरून गेली! आईबाबांसह कॅम्पर न्यायचा असेल तर ही गाडी चालणार नाही, हे एक्सेलनं मला सांगितलंच नव्हतं, कारण मी तो रकाना केलाच नव्हता.

तेव्हा पहिल्या प्रश्नाचं उत्तर असं. गाडी घ्यायला जाल तेव्हा सेल्समनशी बोलण्याआधी दार उघडून तो स्टिकर वाचा. घरातल्या सगळ्यांची वजनं लिहून न्या, वहिनींना राग आला तरी. टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटांना साधारण तीन टक्के ताकद गमावतं, तेही धरा. कॅम्परला स्वतःचे ब्रेक आणि तुमच्या हाताशी त्यांचा कंट्रोलर असू द्या. डोलायला लागला तर ॲक्सिलरेटर सोडायचा, चाक सरळ धरायचं आणि त्या कंट्रोलरनं फक्त ट्रेलरचे ब्रेक हलके लावायचे. ट्रेलरचे बरेचसे टायर ताशी ६५ मैलांपर्यंतच चालतात, तोही एक कमजोर बैल. ट्रक स्टॉपवरच्या काट्यावर थोड्या पैशात सगळं वजन करून मिळतं. आणि वर्षातून चारदाच जाणार असाल तर पिकअप विकत घेण्यापेक्षा भाड्यानं घ्या.

एवढं शिकूनही दुसरी चूक झालीच. ती जास्त महाग पडली असती.

गेल्या फेब्रुवारीत आईबाबा आले. शनिवारी उतरले आणि रविवारी दुपारी मी त्यांना घेऊन ब्रेकनरिजला निघालो, कारण बुकिंग स्वस्तात मिळालं होतं. तयारी चोख होती. आय-७० वर मॉरिसन ते डॉटसेरो सप्टेंबर ते मे टायरचा नियम असतो. माझे स्नो टायर नवे होते. मुलांचे स्की, बूट, हेल्मेट, सगळं भाड्यानं घेऊन ठेवलं होतं. वारासिवनी समुद्रसपाटीपासून सुमारे तीनशे मीटर. डेन्व्हर सोळाशे. आयझेनहॉवर बोगदा चौतीसशे. ब्रेकनरिज गाव एकोणतीसशे. हे सगळे आकडे मला पाठ होते. पण त्यांच्या पुढे मी बाबांचं वय, ६८, लिहिलं नव्हतं.

रात्री बाबांचं डोकं दुखायला लागलं. मग उलट्या. पहाटे तीनला ते खुर्चीत बसून श्वास घेत होते आणि आई त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होती. मला उठवू नको असं त्यांनीच तिला सांगितलं होतं. सकाळी तिथल्या दवाखान्यात नेलं तेव्हा ऑक्सिजन ८२ होता. डॉक्टर म्हणाले, यांना आजच खाली न्या. एवढ्या उंचीवर हवेतला प्राणवायू समुद्रसपाटीच्या सुमारे सत्तर टक्केच मिळतो, आणि शरीराला ते जमवून घ्यायला दिवस लागतात. गंमत अशी की डेन्व्हरला उतरायचं तर आधी बोगद्यापर्यंत आणखी पाचशे मीटर चढावं लागतं. नाकात नळी, मांडीवर ऑक्सिजनचं नळकांडं, असे बाबा शेजारी बसले होते. बोगदा ओलांडल्यावर माझ्याकडे न बघता म्हणाले, "या जोडीतला कमजोर बैल मीच निघालो, बाबू."

मला हसू आलं नाही. संध्याकाळपर्यंत डेन्व्हरमध्ये त्यांना बरं वाटलं, पण ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. कमजोर बैलाचा काही दोष नसतो. हाकणाऱ्यानं जोडीकडे बघायचं असतं.

म्हणून तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर: भारतातून येणाऱ्यांना आधी दोन रात्री तरी डेन्व्हरमध्ये झोपू द्या. हृदयाचा किंवा फुप्फुसाचा आजार असेल तर त्यांच्या डॉक्टरांना आधीच विचारा. वर गेल्यावर डोकं दुखलं, मळमळलं तर "थकवा असेल" म्हणू नका. आणखी वर तर जाऊच नका, आणि त्रास वाढला तर खाली उतरा. शिवाय रिसॉर्टची जाहिरात शिखराची उंची सांगते. तुम्ही झोपणार ते गाव किती उंचीवर आहे ते बघा. भारतात असाल तरी हेच. गुलमर्ग गाव सुमारे २६५० मीटरवर आहे आणि गंडोलाचा दुसरा टप्पा जवळजवळ ३९५० मीटरपर्यंत नेतो. पहिल्याच दिवशी आजीआजोबांना त्यात बसवू नका.

दहा दिवसांनी, बाबांच्याच हट्टावरून, आम्ही पुन्हा निघालो. या वेळी स्टीमबोट स्प्रिंग्जला. वाटेत बोगदा आणि रॅबिट इअर्स पास ओलांडावे लागतात, पण ते काही मिनिटांपुरते. झोपायचं गाव सुमारे २०५० मीटरवर. तिथे गावाला लागूनच हाउल्सन हिल नावाची टेकडी आहे. कार्ल हाउल्सन या नॉर्वेच्या माणसानं तिथे स्कीइंग रुजवलं. १९१५ पासून ही टेकडी सलग चालू आहे आणि आजही नगरपालिकाच ती चालवते. मोठ्या रिसॉर्टचा थाट नाही, तिकीट परवडणारं, आणि मुख्य म्हणजे पायथ्याशी बसलं की वरून येणारं पोर दिसतं. बाबा कानटोपी आणि आईची शाल घेऊन दोन तास तिथे बसले. नात सात वेळा पडली. त्यांनी मोजलं.

राहिला कॅमेरा. गोप्रो, डीजेआय, इन्स्टा३६०, तिन्ही मी वापरून पाहिले आहेत. आजच्या तिन्हींचं चित्र आपल्या कामाला पुरून उरतं. थंडीत बॅटरी लवकर बसते, म्हणून जादा बॅटरी आतल्या खिशात, अंगाच्या उबेला ठेवा. फोर-केमध्ये तासाला ४५ जीबी सहज होतात, आणि चहूबाजूंचं चित्रण करणारा कॅमेरा घेतलात तर घरी येऊन त्यातून चौकट निवडत बसावं लागतं. ते तुमच्याकडून होणार का, हे स्वतःला विचारा. माझ्याकडून नाही झालं. पण खरी अडचण मला बाबांनी दाखवली. मुलीच्या हेल्मेटवर कॅमेरा लावून केलेला लांबलचक व्हिडिओ मी त्यांना आधीच्या वर्षी पाठवला होता. त्यांनी उत्तर पाठवलं होतं: "बर्फ तर दिसते बाबू, पण पोरगी कुठी आहे?"

बरोबर होतं. डोक्यावरच्या कॅमेऱ्यात तिच्या स्कीची टोकं आणि डोंगर, चेहरा कुठेच नाही. आता कॅमेरा माझ्या हातातल्या काठीवर असतो आणि मी तिच्या बाजूनं, तिच्या वेगानं उतरतो. दोन मिनिटांची फीत कापून, साईज कमी करून वारासिवनीला पाठवतो. गावातल्या फोनवर उघडते तेवढीच.

या डिसेंबरमध्ये आम्ही घरी गेलो होतो. बैल केव्हाच गेले, धान आता ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून जातं. बंडी मात्र अंगणात आहे, पुढचं जू जमिनीला टेकवलेली. दोन्ही मुलं मागून तिच्यावर चढली आणि जू एकदम वर उचललं. मुलं किंचाळली. बाबा ओसरीवरून ओरडले, "उलार झाली, पुढं सरका!" मुलं सरकत सरकत पुढे आली. चाकांच्या जरा पुढे पोचल्यावर जू हळूच पुन्हा जमिनीला टेकलं. मग हा खेळ तासभर चालला.

ज्यांना एक्सेल हवं आहे त्यांनी सांगा, पाठवतो. त्यात आता सगळ्यात आधी एक नवा रकाना केला आहे: "कमजोर बैल कोण?" तो भरल्याशिवाय पुढचे आकडे बघू नका.