चाक निखळते, कर्ता कोठे?

शालेय बसच्या चाकातील दोषाविषयी अमेरिकेत 'रिकॉल'ची जी पत्रे निघतात, ती आम्ही वाचतो वाक्यरचनेसाठी. व्याकरण शिकविणाऱ्यांची ही खोड जात नाही. तेथे १९६६च्या वाहनसुरक्षा कायद्यामागोमाग झालेल्या नियमांनी या पत्रातले एक वाक्य जवळजवळ ठरवूनच दिले आहे : अमुक वाहनांत सुरक्षिततेशी संबंधित दोष आहे, असे अमुक उत्पादकाने ठरविले आहे. पुढे नट सैल होऊन चाक सुटू शकते, त्यातून अपघात संभवतो, हेही स्पष्ट लिहायचे, दुरुस्ती विनामूल्य. (पत्र मात्र जाते मालकाला, म्हणजे बहुधा शालेय प्रशासनाला किंवा कंत्राटदाराला. त्या चाकावरच्या बाकावर बसणाऱ्या मुलाच्या आईला नव्हे!)

हे वाक्य आम्ही पदवीच्या वर्गात भाषांतरासाठी दिले. बहुतेकांनी लिहिले, 'दोष आढळून आला आहे.' मराठी निर्दोष. कंपनी तेवढी वाक्यातून नाहीशी झालेली. मुलांना दोष कसा द्यावा? 'चाक निखळले', 'ब्रेक निकामी झाले' अशाच बातम्या वाचत ती वाढली. आपल्या अकर्मक क्रियापदांइतके सोयीचे आश्रयस्थान दुसरे नसेल.

२०१९च्या दुरुस्तीने आपल्या मोटार वाहन कायद्यातही सदोष वाहने परत बोलावण्याची तरतूद आली. तिच्यानुसार एखाद्या बसमालकाला मराठीत पत्र लिहायचे झाले, तर 'ठरविले आहे' हे क्रियापद आणि त्याआधी 'आम्ही' हे सर्वनाम कोणता उत्पादक आपणहून वापरील, याचे आम्हांला कुतूहल आहे.