बाबागाडी आणि काळी माती

बाबागाडी घ्यायची म्हटलं की पहिले आठ दिवस आपण चुकीच्याच गोष्टी वाचत बसतो. कप होल्डर आहे का, छत्रीला खिडकी आहे का, सीट उलटी फिरते का, रंग कुठला... मीसुद्धा सवयीने एक एक्सेल शीट उघडली आणि अठरा कॉलम केले. (सॉफ्टवेअरवाल्याला दुसरं काय सुचणार!) मग बायकोने एकच प्रश्न विचारला, "ही गाडी ढकलणार कोण आणि कुठे?" त्यावर सोळा कॉलम उडाले.

ढकलणार कोण, तर बहुतेक वेळ माझी आई. आणि कुठे, तर निम्मा वेळ पुण्यात आणि निम्मा वेळ केदारखेड्यात, म्हणजे भोकरदन तालुक्यात, जालन्याहून राजूरमार्गे भोकरदनला जाताना पूर्णेकाठी लागतं ते आमचं गाव. आईचे गुडघे गेलेत. चिरंजीव दीड वर्षाचे, वजन अकरा किलो. दिवसभर तो तिच्याजवळ असतो, पण त्याला कडेवर घेऊन शंभर पावलं चालणं तिला जमत नाही. म्हणजे दोघंही घरात अडकलेले. चैनीची वस्तू घेतोय असं मला वाटत होतं, प्रत्यक्षात प्रश्न आईला घराबाहेर पडता येणार की नाही हा होता.

बाजारात सगळ्यात जास्त दिसते ती छत्रीसारखी मिटणारी हलकी गाडी. तिचा जनक ओवेन मॅक्लॅरेन हा विमानांचा इंजिनिअर. दुसऱ्या महायुद्धातल्या स्पिटफायर विमानाची उतरताना उघडणारी आणि उडाल्यावर मिटणारी चाकं, त्या कामात त्याचा हात होता. निवृत्तीनंतर लेक नातीला घेऊन परदेशातून आली, तिची ती अवजड गाडी बघून आजोबांनी १९६५ साली अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्यांची, तीन किलोंहूनही हलकी, मिटणारी गाडी बनवली. अफलातून डिझाइन! पण ते विमानतळासाठी आणि गुळगुळीत फरशीसाठी. चाकं असतात जेमतेम १५ सेंटिमीटरची.

आता इथे थोडं अकरावीचं फिजिक्स. कंटाळा आला तर पुढचा परिच्छेद सोडा.

समजा पोरगं आणि गाडी मिळून २० किलो, त्यातलं १० किलो पुढच्या चाकावर. वाटेत अडीच सेंटिमीटरचा उंचवटा आला, म्हणजे आपल्याकडचा उखडलेला पेव्हर ब्लॉक. चाक १५ सेंटिमीटर व्यासाचं असेल तर ते नुसतं आडवं ढकलून वर चढवायला सुमारे ११ किलोचा जोर लागतो. तेच चाक ३० सेंटिमीटरचं असेल तर साडेसहा किलोंच्या आसपास. आणि उंचवटा चाकाच्या त्रिज्येइतका झाला की मग कितीही ढकला, गाडी चढत नाही. हँडल खाली दाबून पुढचं चाक उचलावं लागतं. हे मी करू शकतो. ज्या बाईचे गुडघे दुखतात तिने हे दर दहा पावलांवर का करावं?

जंगली महाराज रस्त्याच्या रुंद पदपथावर कुठलीही गाडी छान चालते. तिथून आत कुठल्याही गल्लीत वळा, मग कळतं. केदारखेड्यात आणखी वेगळी तऱ्हा. गावातल्या सिमेंटच्या रस्त्यावर गाडी मजेत पळते. तो संपून शेताकडची वाट लागली की काळी माती. उन्हाळ्यात भेगा आणि ढेकळं, पावसाळ्यात चिखल. हा चिखल नुसता चिकटत नाही, तो चाक आणि दांडी यांच्यामधल्या फटीत ठासून बसतो आणि चाक फिरायचंच थांबतं. मडगार्डखाली चिखल भरलेली सायकल ज्याने खांद्यावर घेऊन घर गाठलंय त्याला हे सांगायला नको. म्हणून दुकानात मी चाकाच्या आजूबाजूच्या फटीत दोन बोटं घालून बघत होतो. सेल्समनला वाटलं गिऱ्हाईक जरा सरकलेलं आहे.

मोठ्या चाकांच्या गाड्यांची गोष्टही अशीच घरातली. १९८४ मध्ये अमेरिकेत फिल बेकलर नावाच्या माणसाला पळायलाही जायचं होतं आणि मुलालाही सोबत न्यायचं होतं, म्हणून त्याने बाबागाडीला सायकलची चाकं लावली. तीनचाकी 'जॉगिंग'वाल्या गाड्या तिथून सुरू झाल्या. आम्ही शेवटी त्याच घराण्यातली घेतली, ३० सेंटिमीटर चाकांची. वजन नऊ किलो, ही तिची मोठी खोट. सीएनजीच्या टाकीने आधीच भरलेल्या आमच्या डिकीत ती चाकं काढल्याशिवाय मावत नाही. एसटीने जायचं तर विचारूच नका. पण गाडीत चढवणं महिन्यातून दोनदा आणि ढकलणं रोज, हा हिशोब केला.

हवेची चाकं की भरीव? हवेची चाकं मऊ चालतात, पण बाभळीचा काटा कुणाला ऐकत नाही. तरी मी हवेचीच घेतली, कारण ट्यूब लहान मुलांच्या बारा इंची सायकलची बसते आणि पंक्चर कुठल्याही सायकलवाल्याकडे निघतं. कंपनीचा भरीव टायर झिजला की तो कुठून आणायचा?

न सोडण्यासारख्या गोष्टी दोन-तीनच. पट्टा खांदे, कंबर आणि दोन पायांच्या मधून असा पाच ठिकाणी धरणारा हवा. ब्रेक चपलेच्या पायाने लागला पाहिजे. बिजागऱ्या झाकलेल्या हव्यात. नोव्हेंबर २००९ मध्ये अमेरिकेत मॅक्लॅरेनच्याच सुमारे दहा लाख गाड्यांना बिजागरीची कव्हरं द्यावी लागली, कारण गाडी उघडताना लहानग्यांच्या बोटांची टोकं तुटल्याचे बारा प्रकार घडले होते. आणि ऊन लागतंय म्हणून गाडीवर ओढणी किंवा पंचा पांघरून ती बंद करू नका. आत वारा खेळत नाही आणि भट्टी होते. मराठवाड्यातल्या मे महिन्यात तर सकाळी नवाच्या आत फिरून यावं हेच खरं.

गावातली पहिली फेरी गमतीची झाली. पारावरच्या एका म्हाताऱ्या बाबांनी काळजीने विचारलं, "काय झालं लेकराला? चालता येईना का?" आमच्याकडे लेकरू कडेवर शोभतं, गाडीत बसवलं की ते आजारी. गंमत म्हणजे चालायला शिकवणाऱ्या लाकडी खेळण्याला आपण खुशाल 'पांगुळगाडा' म्हणतो, तिथे कुणाला काही वाटत नाही! आई म्हणाली, "त्याला येतंय हो बाबा, मलाच येईना." बाबा हसले आणि सरकून बसले.

अंगारकीला राजूरच्या गर्दीत ही गाडी न्यायची नाही, तिथे खांदाच बरा. शेतातही पाऊस पडल्यावर नाही. बाकी रोज संध्याकाळी आजी-नातू गाडी घेऊन मंदिरापर्यंत जातात, आणि येताना भाजी आणतात. ती पिशवी हँडलला अडकवू नको, पोराला उचललं की गाडी मागे उलटते, हे मी आईला वजनाचा मध्यबिंदू काढून समजावलं आहे. ती म्हणते, "मग खाली एवढी मोठी जाळी दिलीय ती कशाला?" आणि पिशवी हँडललाच लावते, कारण जाळीत वाकायला गुडघे लागतात. आता एस आकाराचा हूक पुढच्या दांडीला लावून बघतोय.