मदरबोर्ड बदलल्यानंतर

आमच्या मराठी विभागातला संगणक वळवाच्या पहिल्या पावसात बंद पडला. वीज गेली, आली, पुन्हा गेली. त्यानंतर आतला पंखा फिरे, पण पडदा काळाच राही. दुरुस्तीला आलेला तरुण आमचाच जुना विद्यार्थी. खोके उघडून तो म्हणाला, "सर, मदरबोर्ड गेला. हार्ड डिस्क शाबूत आहे. मॅडमना सांगा, काम सगळं सुरक्षित आहे."

आम्हां दोघांना एवढेच ऐकायचे होते. मदरबोर्डविषयीचे आमचे ज्ञान बेताचेच. पण डिस्कवर काय आहे, ते नेमके ठाऊक होते. 2004 ते 2009 या काळात विद्यार्थ्यांनी आपल्या आया-आज्यांकडून उतरवून आणलेल्या सुमारे चौदाशे जात्यावरच्या ओव्या तिथे होत्या. मूळ वह्यांपैकी निम्म्या पुढे वाळवीने खाल्ल्या. गाणाऱ्या बायकांतल्या पुष्कळजणी आज हयात नाहीत.

नवा मदरबोर्ड बसला, पण जुनी विंडोज सुरू होईना. तिच्यातले ड्रायव्हर जुन्या बोर्डाच्या ओळखीचे. नव्याशी त्यांचे जुळेना. तेव्हा डिस्क न पुसता विंडोज नव्याने टाकायचे ठरले. ती टाकून झाली आणि पडद्यावर सूचना आली, की ही प्रत अधिकृत झालेली नाही. आमच्या विद्यार्थ्याने समजावले : संगणकाबरोबर मिळणारा परवाना मुख्यतः मदरबोर्डाशी बांधलेला असतो. डिस्क बदला, मेमरी बदला, पडदा बदला. यंत्र तेच राहते. बोर्ड बदलला, की विंडोजच्या लेखी ते दुसरे यंत्र. बोर्ड बिघडल्यामुळे बदलला असेल तर सवलत मिळते आणि परवाना खात्याशी आधीच जोडलेला असेल तर तो पुन्हा लागू करून घेता येतो. आमचा जोडलेला होता.

'मिलिंदपञ्हो'मध्ये नागसेन राजा मिलिंदाला विचारतो, की रथ म्हणजे आस की चाके की सांगाडा? राजाला प्रत्येक वेळी नाही म्हणावे लागते. आमच्या टेबलावरच्या रथाविषयी विंडोजने मात्र तत्काळ उत्तर दिले होते. आम्हांला ते पटले नाही. आमच्या दृष्टीने संगणक म्हणजे त्या ओव्या.

म्हणून आम्ही ओव्यांची पहिली फाइल उघडली. पानभर रोमन अक्षरे, स्वल्पविराम, कंस आणि चिन्हे. एकही मराठी अक्षर नाही.

विद्यार्थ्याचे म्हणणे खोटे नव्हते; फायलीतला एकही अंक हललेला नव्हता. चूक आमच्या समजुतीत होती. त्या फायलींत मराठी कधी नव्हतेच. त्या काळातले बहुतेक मराठी टंकन ज्या जुन्या फाँटांत होई, ते रोमन अक्षरांच्या क्रमांकांवर देवनागरीची चित्रे बसवीत. प्रत्येक फाँटाची मांडणी निराळी. फाँट यंत्रात असेपर्यंत मराठी दिसे. फाँट गेला, की खालचे रोमन उघडे पडे. युनिकोडमध्ये देवनागरीला 1991पासून स्वतःचे क्रमांक आहेत आणि विंडोजमध्ये तिची सोय 2000 सालापासून आहे. आम्ही मात्र सवयीने जुन्याच फाँटात लिहीत राहिलो. त्याची सीडी केव्हाच हरवली होती.

सुदैवाने डिस्क पुसलेली नव्हती. नव्या विंडोजने जुनी विंडोज एका स्वतंत्र फोल्डरमध्ये बाजूला ठेवली होती. हे फोल्डर काही दिवसांनी आपोआप पुसले जाते, हे आम्हांला नंतर कळले. त्यातल्या फाँटांच्या कप्प्यात आमचा फाँट सापडला. तो नव्या विंडोजमध्ये टाकताच ओव्या पुन्हा दिसू लागल्या. मॅडम खुर्चीत बसल्या आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

पुन्हा अशी वेळ येऊ नये म्हणून सगळे युनिकोडमध्ये नेण्याचे काम आम्ही हाती घेतले. तेव्हा एक गंमत लक्षात आली. 'किती' लिहिताना जुन्या फाँटात आधी वेलांटी, मग क. 'सूर्य' लिहिताना शेवटी रफार. हात जसा कागदावर चालतो, तसा क्रम. युनिकोडमध्ये आधी क, मग वेलांटी; आधी र, मग य. तोंड जसे उच्चारते, तसा क्रम. रूपांतर करणारा प्रोग्राम यात अडखळतो; विशेषतः 'साऱ्या'चे 'सार्या' करून ठेवतो. म्हणून प्रत्येक ओवी उरलेल्या वह्यांशी ताडून पाहणे भाग पडले.

आणि तिथेच खरा घोटाळा सापडला. वहीत मुलीने आजीच्या तोंडचे 'पानी', 'व्हता' लिहिलेले. फायलीत 'पाणी', 'होता'. हे प्रोग्रामने केलेले नव्हते. काही वह्यांत लाल शाईने दुरुस्ती होती आणि अक्षर आमचे होते. नुकत्याच नोकरीला लागलेल्या, एम.ए.ची पदवी ताजी असलेल्या आम्ही दोघांनी शुद्धलेखन म्हणून ते केले होते. अनेक ठिकाणी ओवीची मात्राही त्याने बिघडली आहे. गाणारीने ती तशी कधीच गायली नसती.

ज्यांच्या वह्या आहेत त्या ओव्या आम्ही पूर्ववत करीत आहोत. बाकीच्या निम्म्यांबाबत काय करावे, ते ठरत नाही. कुठे आजीचा शब्द आहे आणि कुठे आमचा, हे सांगणारे कोणतेही फोल्डर मागे उरलेले नाही. तूर्त त्या ओव्यांच्या आरंभी आम्ही एक ओळ घातली आहे : 'यांतील शब्दरूपे संकलकांनी बदललेली असण्याचा संभव आहे.' संकलक म्हणून खाली आमची नावे आहेत.