रत्नागिरीची खाणावळ आणि समुद्रापलीकडची

कोर्टाच्या तारखेला, दवाखान्याला किंवा मुलाच्या प्रवेशासाठी कधी रत्नागिरीला आलात, तर दुपारी बाराच्या सुमारास बंदराकडच्या एखाद्या लहान खाणावळीत बसा. मोठे हॉटेल शोधू नका. दारावर खडूने लिहिलेली पाटी असते, आत चार-सहा बाकडी. पाटी वाचत बसण्यापेक्षा ‘आज ताजं काय आलंय?’ एवढेच विचारा. मिरकरवाडा बंदर जवळ आहे. पहाटे उतरलेली मासळी दुपारी तव्यावर असते. जून-जुलैत मात्र यांत्रिक होड्या बंद असतात. त्या दिवसांत कोणी ताजी सुरमई म्हणून पुढे ठेवली, तर ती बर्फातली समजावी आणि आपण सुकटीची चटणी व कुळथाचे पिठले मागावे. खरे सांगायचे तर पावसाळ्यात मला तेच जास्त आवडते.

थाळीत तांदळाची भाकरी, तळलेला तुकडा, खोबऱ्याच्या वाटणाचे कालवण, भात आणि वाटीत गुलाबी सोलकढी. घाटावरची मंडळी ताट समोर आले की सोलकढी सरबतासारखी आधीच पिऊन टाकतात. तसे करू नका. थोडी भातावर घ्यावी, उरलेली शेवटी प्यावी. कोकमाचे आगळ आणि ओल्या खोबऱ्याचे दूध, एवढाच तिचा कारभार. पण तिखट कालवणानंतर तिच्यासारखा उतारा नाही. मासे न खाणाऱ्यांनीही संकोच करू नये. वालाची उसळ आणि फणसाची भाजी अशी मिळते की मासे खाणारा शेजारी तुमच्या ताटाकडे बघत राहील.

गेल्या दिवाळीत अशाच एका खाणावळीत माझ्यासोबत माझा भाचा होता. तो बोटीवर नोकरीला आहे. आपल्या किनाऱ्यावरची किती मुले जातात तसा. भाताचा पहिला घास घेऊन तो म्हणाला, ‘‘मामा, इंडोनेशियाच्या बंदरात उतरलं की मला घरची आठवण येत नाही. तिथं असंच जेवण मिळतं.’’

मी खोदून विचारले तेव्हा त्याने सगळे सांगितले. तिकडच्या लहान खाणावळीला वारुंग म्हणतात. बहुधा घरातलीच माणसे ती चालवतात. भाताला नासी म्हणतात. भात मध्ये आणि भोवती थोडीथोडी भाजी, मासा, चटणी. चटणी दगडी पाट्यावर मिरच्या रगडून केलेली, तिला सांबाल म्हणतात. बऱ्याच कालवणांत नारळाचे दूध. जेवायचे उजव्या हाताने. सुमात्रा बेटावरच्या पाडांगच्या पद्धतीची जी खाणावळ असते, तिथे तर तुम्ही बसलात की न विचारता दहा-बारा लहान बशा समोर मांडतात. ज्या बशीतले खाल्ले तिचेच पैसे. न शिवलेली बशी परत जाते. आपल्याकडे कोणी असे चालवून दाखवावे!

तिथल्या माशाच्या कालवणात आंबटपणासाठी एका झाडाच्या फळाच्या सुकवलेल्या फोडी टाकतात. तो त्याला ‘तिकडचं कोकम’ म्हणतो, आणि शेतकी शास्त्राच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. आपले कोकम गार्सिनिया कुळातले, आणि ते झाडही त्याच कुळातले. दोन्ही ठिकाणी पाऊस भरपूर, किनारा, नारळ आणि भात. मग बाईच्या हाताला जे सापडले त्यातून तिने सारखेच कालवण केले.

एक पदार्थ मात्र आपल्याकडे नाही. तो म्हणजे टेम्पे. सोयाबीन शिजवून, साले काढून, त्याला एका विशिष्ट पांढऱ्या बुरशीचे विरजण लावतात आणि केळीच्या पानात बांधून दीड-दोन दिवस ठेवतात. दाणे एकमेकांना धरतात आणि वडी तयार होते. तिचे काप करून तळायचे. गरिबाचे मांस म्हणा ना. लातूर-वाशिमकडच्या वाचकांनी जरा थांबून विचार करावा. आपले सोयाबीन पोत्यात भरून बाजारात जाते, त्याचे तेल निघते, पेंड कोंबडीला जाते, आणि पिकवणाऱ्याच्या ताटात दाणाही येत नाही. पण हे वाचून घरात कुठलीही बुरशी धरू नका. योग्य विरजणाशिवाय हा प्रयोग करायचा नाही.

आता मालकीणबाईंकडे येतो. त्यांची वाडी शहराबाहेर, चाळीसेक माड. तरी खाणावळीला नारळ बाजारातून आणतात. का? तर पाडेली वेळेवर मिळत नाही. गरम मसाल्याची लवंग, मिरी, दालचिनी, पुरणातले जायफळ, सगळे दुकानातून. मसाल्याचे बिल त्यांनी मला दाखवले. आणि माडांच्या खाली? गवत.

यातली लवंग आणि जायफळ मूळची कुठली ठाऊक आहे? त्याच इंडोनेशियाची. जायफळ तर एके काळी फक्त बांदा नावाच्या चिमुकल्या बेटांवर होत असे. त्याच्यासाठी डच कंपनीने 1621 साली तिथल्या हजारो लोकांची कत्तल केली आणि उरलेल्यांना गुलाम केले. दुसऱ्या कोणी लागवड करू नये म्हणून बिया चुन्यात बुचकळून विकत. 1667 च्या तहात इंग्रजांनी त्यातल्या रुन बेटावरचा हक्क सोडला आणि डचांनी मॅनहॅटनवरचा, म्हणजे आज जिथे न्यूयॉर्क उभे आहे तिथला. आपण मोदकाच्या सारणात चिमूटभर किसून टाकतो, त्याची ही किंमत होती. पुढे रोपे चोरीछुपे आणि उघडही बाहेर गेली, आणि आज ते झाड भाट्याला माडांखाली उभे आहे.

भाट्ये हे रत्नागिरीच्या दक्षिणेला, खाडीवरचा पूल ओलांडला की लगेच. तिथे दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे नारळ संशोधन केंद्र आहे. केंद्र 1955 पासूनचे, विद्यापीठ 1972 चे. चार माडांच्या मधोमध जायफळ, दोन माडांच्या मध्ये दालचिनी, खोडावर मिरीचा वेल, अशी त्यांची लाखीबाग बघण्यासारखी आहे. जायफळाला सावली हवी आणि उन्हाळ्यात पाणी. माडाला पाणी तुम्ही देताच.

मालकीणबाईंनी विचारले, ‘‘नारळ काढायला माणूस नाही, जायफळ कोण काढणार?’’ प्रश्न अगदी रास्त होता. पण जायफळाला चढावे लागत नाही. फळ पिकले की आपणच उकलते, बी खाली पडते, ते वेचायचे. काम घरच्या माणसाचे, फक्त रोज करायचे. एक दिवस चुकला आणि बी ओल्यात राहिले तर बुरशी. खरी अडचण निराळीच आहे. बराचसा माल ऐन पावसाळ्यात येतो आणि तेव्हा वाळवायला ऊन नाही. त्यासाठी मंद ऊब लागते, आणि बीवरची लाल जायपत्री सोडवून वेगळी वाळवावी लागते.

आणखी एक गोष्ट आधीच लक्षात ठेवा. जायफळात नर आणि मादी झाड वेगळे. बियांपासून लावलेत तर ते कोणते हे फुले येईपर्यंत, म्हणजे सहा-सात वर्षे, कळत नाही. निम्मी झाडे नर निघाली तर तेवढी वर्षे फुकट. म्हणून मादी झाडाची कलमेच घ्यावीत आणि परागासाठी दहा मादी झाडांमागे एखादे नर ठेवावे. कोकण सुगंधा आणि कोकण स्वाद या विद्यापीठाच्याच जाती आहेत. पावसाळ्याच्या तोंडाशी कलमांना मागणी फार असते, तेव्हा नाव आधी नोंदवून ठेवा. आणि भाट्याला जाल तेव्हा शक्यतो सकाळीच जा, म्हणजे बाग बघून दुपारी जेवायला बंदरावर पोचता येईल.